पाऊण पेनीचा गुलाब

बोटाच्या टोकावर टिकलीसारखं बसेल एवढंसं हे नाणं. व्यास जेमतेम १४ मिलिमीटर, वजन अर्ध्या ग्रॅमहूनही कमी, चांदी मात्र चोख. एका बाजूला मुकुट घातलेली, डावीकडे पाहणारी स्त्री आणि तिच्या डोक्यामागे छोटासा गुलाब. भोवती लॅटिनमध्ये कोरलेल्या मजकुराचा अर्थ असा: देवाच्या कृपेने ई., काटे नसलेला गुलाब. दुसऱ्या बाजूला राजचिन्हांची ढाल, तिच्या आरपार गेलेला लांब क्रूस, ढालीच्या वर साल आणि कडेने ‘लंडन शहर’ ही अक्षरं. इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ हिच्या टांकसाळीतलं हे पाऊण पेनीचं नाणं. १५६१ साली ते पहिल्यांदा बाजारात आलं आणि १५८२ नंतर पुन्हा कधी पाडलं गेलं नाही.

पाऊण पेनीचं नाणं कुणाला कशासाठी हवं असेल? त्या काळचा इंग्रज पौंड म्हणजे २० शिलिंग, एक शिलिंग म्हणजे १२ पेन्स आणि एका पेनीचे चार फार्दिंग. यात पाव पेनी समजते, अर्धी पेनीही समजते. पण तीन फार्दिंगचं वेगळं नाणं हा उलटाच हिशोब वाटतो. तो समजून घ्यायचा तर एलिझाबेथच्या वडिलांपासून सुरुवात करावी लागते, कारण लोकांच्या हातातल्या पैशाची माती त्यांनी केली होती.

आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले, त्यांच्या जमिनी विकल्या, कर बसवले, कर्जं काढली. तरी १५४० नंतरच्या दशकात फ्रान्स आणि स्कॉटलंडशी मांडलेल्या लढायांना ते पुरलं नाही. १५४४ मध्ये त्याने बुलोन जिंकलं खरं, पण हे शहर घेण्यात आणि राखण्यात अफाट पैसा गेला. तिजोरीत खडखडाट असलेल्या राजाला एक वाट नेहमी दिसते, आणि हेन्रीने तीच धरली. इंग्लंडच्या चांदीचा कस कित्येक शतकं ठरलेला होता, हजारात ९२५ भाग शुद्ध. १५४२ मध्ये टांकसाळीला गुप्त हुकूम मिळाला आणि सुमारे तीन चतुर्थांश चांदी असलेली नाणी गुपचूप साठवली जाऊ लागली. १५४४ मध्ये ती बाहेर पडली. १५४५ मध्ये चांदीचं प्रमाण निम्म्यावर आलं, १५४६ मध्ये एक तृतीयांशावर. बाकी सगळं तांबं.

एवढ्या तांब्याला रूपं द्यायला एक टांकसाळ पुरेना. लंडनच्या टॉवरखेरीज साउदर्क, ब्रिस्टल, कँटरबरी, यॉर्क अशा ठिकाणी हातोडे चालू लागले. ब्रिस्टलच्या टांकसाळीचा प्रमुख विल्यम शॅरिंग्टन याने तर या लुटीतच आपली वेगळी लूट केली. हिशोबाच्या वह्या खोट्या लिहिल्या, नाणी हलकी पाडली आणि हेन्रीचा मुलगा सहावा एडवर्ड याच्या मामाच्या, टॉमस सीमोरच्या, कारस्थानाला पैसा पुरवायचं कबूल केलं. १५४९ मध्ये तो पकडला गेला. सीमोरचं डोकं उडालं, शॅरिंग्टनला मात्र माफी मिळाली. लेकॉक ॲबी या मठाचा त्याने केलेला वाडा आजही उभा आहे.

या नाण्यांवर तांबं झाकण्यापुरता चांदीचा मुलामा असे. बारा पेन्सच्या टेस्टूनवर हेन्रीचा चेहरा समोरून कोरलेला होता, आणि हातोहात फिरताना त्या चेहऱ्याचा सगळ्यात उंच भाग, म्हणजे नाक, आधी झिजून लाल दिसू लागलं. लोकांनी राजाला ‘तांबड्या नाकाचा म्हातारा’ हे नाव ठेवलं. राजद्रोहाबद्दल माणसांची डोकी लंडन ब्रिजवर टांगली जात होती त्या दिवसांतलं हे नाव. ते बाजारातल्या माणसांनी ठेवलं, म्हणून मला ते फार मोलाचं वाटतं.

बोलणारे आणखीही होते. १५४९ मध्ये ह्यू लॅटिमर हा धर्मोपदेशक सहाव्या एडवर्डसमोर प्रवचन देत होता. नवीन शिलिंग इतका हलका आणि इतका लहान आहे की जुना ग्रोट समजून आपण तो देऊन टाकणार होतो, असं त्याने भर सभेत सांगितलं. ग्रोट म्हणजे चार पेन्स, बाराच्या जागी चार! हे बोलणं राजद्रोहाचं आहे अशी कुजबुज झाली, तेव्हा पुढच्या प्रवचनात त्याने बायबलमधल्या यशया या संदेष्ट्याचा आधार दिला. तुमच्या चांदीचं कीट झालं आहे, असं त्यानेही आपल्या राज्यकर्त्यांना बजावलं होतं. मग यशयालाही राजद्रोही म्हणणार का, एवढाच लॅटिमरचा सवाल होता.

हेन्री १५४७ मध्ये मेला, पण हिणकस नाण्यांचा कारखाना थांबला नाही. एडवर्ड वयाने लहान, कारभार सरदारांच्या हाती, आणि सरदारांनाही पैसा हवाच होता. १५५१ च्या वसंतात तर फक्त पाव हिस्सा चांदीची नाणी पडली. १५४४ ते १५५१ या काळात राजसत्तेने या व्यवहारातून बारा लाख पौंडांहून अधिक नफा मिळवला, असा इतिहासकारांचा हिशोब आहे. हा नफा खाणीतून आलेला नव्हता. तो विणकराच्या मजुरीतून, विधवेच्या गाठोड्यातून आणि शेतकऱ्याने लोकर विकून आणलेल्या पैशातून आला.

१५५१ मध्येच सरकारला उपरती झाली, पण तीही अशी की दुखणं परवडलं. टेस्टूनची किंमत पुढे बारावरून नऊ पेन्सवर आणली जाईल, असं आधीच जाहीर केलं गेलं. अशी बातमी कळल्यावर हातातलं नाणं कोण ठेवेल? जो तो ते दुसऱ्याच्या गळ्यात मारायला धावला आणि दुकानदारांनी भाव चढवले. जुलैत नऊ पेन्स झाले, ऑगस्टमध्ये सहा. त्याच उन्हाळ्यात लंडनमध्ये घामाच्या तापाची साथ पसरून माणसं पटापट मरत होती. घरातलं माणूस आणि घरातला पैसा दोन्ही एकाच महिन्यात गमावलेली कुटुंबं त्या शहरात नक्कीच असणार.

यानंतर एडवर्ड आणि त्याच्यामागून गादीवर आलेली त्याची सावत्र बहीण मेरी यांनी चांगल्या चांदीची नाणी पाडली, पण जुनी हिणकस नाणी बाजारातून काढून घेतली नाहीत. त्यामुळे चांगली नाणी पेटीत गेली किंवा परदेशी गेली, आणि वाईट तेवढी हातोहात फिरत राहिली. १५५८ मध्ये एलिझाबेथ गादीवर आली तेव्हा अँटवर्पच्या बाजारात इंग्लंडसाठी कर्ज उभं करणाऱ्या टॉमस ग्रेशमने तिला पत्र लिहून नेमकं हेच दुखणं सांगितलं. तुमच्या वडिलांनी नाण्याचा कस उतरवला, म्हणून हुंडणावळीचा भाव कोसळला आणि चोख सोनं देशाबाहेर गेलं, असा त्याचा मथितार्थ होता. तीनशे वर्षांनी हेन्री मॅक्लिऑड या अर्थशास्त्रज्ञाने ‘वाईट पैसा चांगल्या पैशाला हुसकावतो’ या तत्त्वाला ग्रेशमचं नाव दिलं. हे निरीक्षण त्याच्याआधी कोपर्निकसनेही नोंदवलं होतं, पण ग्रेशमने ते सांगितलं आणि त्यावर काही करू शकणाऱ्या व्यक्तीलाच सांगितलं.

२७ सप्टेंबर १५६० रोजी राणीचं फर्मान निघालं. हिणकस टेस्टूनांचे दोन वर्ग झाले, बऱ्यांची किंमत साडेचार पेन्स आणि अगदी वाईटांची सव्वादोन. पण सामान्य माणसाने ती ओळखायची कशी? फर्मानात खुणा सांगितल्या होत्या. ज्या टेस्टूनवर सिंह, गुलाब, हार्प किंवा लिलीचं फूल यांपैकी टांकसाळीची खूण असेल ते सव्वादोन पेन्सचं समजावं. बाजारात तरी गोंधळ उडाला, बरंवाईट कुठलंच टेस्टून कुणी घेईना. मग अधिकाऱ्यांनी नाण्यांवर नवे शिक्के मारायला सुरुवात केली. साडेचार पेन्सच्या नाण्यावर राजाच्या चेहऱ्यापुढे किल्ल्याच्या दाराची जाळी, सव्वादोनच्या नाण्यावर डोक्यामागे शिकारी कुत्रा. कोवळ्या एडवर्डच्या चित्रावर ठोकलेला तो कुत्रा आजच्या संग्राहकांना क्वचितच मिळतो, आणि मिळाला तर मोठ्या किमतीला.

१५५१ च्या वसंतात कुणी २० टेस्टून मजुरी म्हणून घेऊन जपून ठेवले असते, तर त्याच्या हिशोबी ते २४० पेन्स होते. ऑगस्टमध्ये १२० झाले. १५६० मध्ये ते बऱ्यांपैकी असतील तर ९०, वाईटांपैकी असतील तर ४५. एलिझाबेथच्या नाणेसुधारणेचं कौतुक करताना हा आकडा विसरला जातो. सुधारणा आवश्यक होती, धाडसाची होती, तिने इंग्लंडच्या व्यापाराला उभं केलं, हे सगळं मला मान्य आहे. पण तिची किंमत राजघराण्याने भरली नाही. बापाने आणि भावाने जे घेतलं त्याची वसुली शेवटी ज्याच्या हातात नाणं उरलं होतं त्याच्याकडून झाली. उलट सगळा खर्च वजा जाऊन राजतिजोरीत थोडा नफाच पडला.

आलेली नाणी वितळवून त्यातून चांदी वेगळी काढणं हे अवघड काम होतं. ते अँटवर्पच्या डॅनियल वोल्स्टाट आणि मंडळींना दिलं गेलं आणि त्यासाठी जर्मन कारागीर टॉवरमध्ये आले. तांब्यात मिसळलेल्या सोमलाच्या वाफांनी त्यांतले बरेच जण आजारी पडले. माणसाच्या कवटीतून पेय प्यायलं तर गुण येतो असा उपाय कुणी तरी सुचवला, आणि लंडन ब्रिजवर टांगलेल्या राजद्रोह्यांची डोकी उतरवून त्यांचे पेले करायची परवानगी मिळाली. त्या काळच्या वृत्तांतात म्हटलं आहे की काहींना थोडा आराम पडला, पण बहुतेक मेले. चोख चांदीची एवढी वाखाणणी करताना परदेशातून येऊन त्या धुरात मेलेल्या या माणसांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

तरीही वर्षभरात काम उरकलं. जुलै १५६१ मध्ये राणी स्वतः टॉवरची टांकसाळ पाहायला गेली आणि सोन्याची काही नाणी पाडून तिने बरोबरच्यांना दिली. त्याच वर्षाच्या शेवटी शिलिंग आणि ग्रोट पाडणं थांबवून सहा पेन्स, तीन पेन्स, दीड पेनी आणि पाऊण पेनी अशी चार नवी नाणी सुरू झाली.

आता पाऊण पेनीचा हिशोब लागतो. पाव विकणाऱ्यांना इंग्लंडमध्ये कायद्याने दर ठरवून दिलेला असे. धान्य महागलं तर पावाचं वजन कमी करायचं, किंमत तीच ठेवायची. पेनीचा पाव, अर्ध्या पेनीचा पाव, फार्दिंगचा पाव अशी गरिबाच्या घराची मोजणी चाले. दिवसाला आठएक पेन्स मिळवणाऱ्या मजुराला फार्दिंग ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हती. पण चोख चांदीचा फार्दिंग पाडायचा तर तो जेमतेम ०.१३ ग्रॅमचा झाला असता, बोटांच्या चिमटीतून निसटून जमिनीवर पडला तर सापडणार नाही इतका. तो पाडणं शक्य नव्हतं आणि चांदीत पुन्हा तांबं मिसळायला राणी तयार नव्हती. म्हणून टांकसाळीने उलटा रस्ता काढला. फार्दिंगचा पाव घ्यायचा तर पेनी द्यायची आणि पाऊण पेनी परत घ्यायची. अर्ध्या पेनीचं देणं असेल तर दोन पेन्स देऊन दीड पेनी परत. नाणं न पाडताही फार्दिंगचा व्यवहार होऊ लागला. हिणकस पैशाने भाजलेल्या देशाला चोख चांदीतच सुटे पैसे देण्याची ही युक्ती मला त्या सगळ्या सुधारणेतली सर्वात माणुसकीची गोष्ट वाटते.

एक अडचण मात्र होती. पेनी ०.५२ ग्रॅमची, पाऊण पेनी ०.३९ ग्रॅमची. अंधाऱ्या दुकानात किंवा मेणबत्तीच्या उजेडात हा फरक कोण ओळखणार? म्हणून गुलाब आला. सहा, तीन, दीड आणि पाऊण या नाण्यांवर राणीच्या डोक्यामागे गुलाब, बाकीच्या नाण्यांवर नाही. म्हणजे आकाराने शेजारी असलेल्या दोन नाण्यांपैकी एकावर गुलाब असेच. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही कळावं अशी ही खूण. ट्यूडर घराण्याचं राजचिन्ह आणि भाजीवालीला उपयोगी पडणारी खूण या दोन गोष्टी इतक्या सहज एकत्र क्वचितच येतात. त्या काळी टांकसाळीचा मुख्य साचे-कोरणारा डेरिक अँथनी होता. १४ मिलिमीटरच्या वर्तुळात चेहरा, मुकुट, कॉलर आणि पाकळ्यांसकट गुलाब बसवायचा म्हणजे कोरणाऱ्या हाताची कसोटी.

हे नाणं हातानेच पाडलं जाई. चांदीच्या पत्र्यातून कातरीने तुकडे कापायचे, ठोकून गोल करायचे, भट्टीत तापवून मऊ करायचे, आम्लात पांढरे करायचे. मग खालचा साचा लाकडी ओंडक्यात रोवलेला, त्यावर तुकडा, वर दुसरा साचा आणि त्यावर हातोड्याचा घाव. त्यामुळे एक नाणं दुसऱ्यासारखं नसे. कुठे अक्षरं कडेबाहेर गेलेली, कुठे गुलाबाचा अर्धा भाग गायब. १५६१ मध्येच एलॉय मेस्ट्रेल नावाच्या फ्रेंच माणसाने टॉवरमध्ये घोड्याच्या ताकदीवर चालणारं यंत्र बसवलं आणि अगदी गोल, सुबक नाणी पाडून दाखवली. पण त्याची गती हातोड्यापेक्षा फारच कमी ठरली, आणि हातोडेवाल्यांना पोटाची धास्ती होतीच. १५७२ मध्ये त्याचं काम बंद पडलं. पुढे खोटी नाणी पाडल्याच्या गुन्ह्यात तो अडकला आणि १५७८ मध्ये नॉरिचमध्ये त्याला फाशी झाली. इंग्लंडमध्ये यंत्राची नाणी कायमची यायला त्यानंतर जवळपास एक शतक लागलं.

हातोड्याच्या नाण्याला सरळ कड नसल्याने कातरणारे कडेची चांदी कापून घेत. १५६२–६३ च्या कायद्याने कातरणं हाही राजद्रोह ठरला. म्हणजे चिमूटभर चांदीसाठी पुरुषाला फासावर लटकवण्याची आणि स्त्रीला जिवंत जाळण्याची शिक्षा. चोख नाण्याच्या पाठीमागे ही धाकाची बाजूही होती.

पण रोजच्या जगण्यात हे नाणं लवकर मुरलं. लंडनच्या नाट्यगृहात उभं राहून नाटक पाहायला एक पेनी लागे आणि तिथल्या प्रेक्षकांच्या खिशात ही गुलाबाची नाणी खुळखुळत असत. म्हणूनच शेक्सपियरला ती विनोदाला वापरता आली. ‘किंग जॉन’मध्ये एक पात्र आपल्या किडकिडीत सावत्र भावाची चेष्टा करतं. माझा चेहरा असा असता तर मी कानामागे गुलाब खोवायला धजलो नसतो, लोक म्हणाले असते, पाऊण पेनी चालली पाहा, असा त्या चेष्टेचा रोख. कानामागे फूल खोवायची त्या काळी फॅशन होती, आणि पातळ नाण्यावर राणीमागचा गुलाब सगळ्यांनी पाहिलेला होता. ‘लव्हज लेबर्स लॉस्ट’मध्ये तर एक बडबड्या स्पॅनिश सरदार गावंढळ कोस्टर्डला बक्षीस म्हणून मोठ्या शब्दांत तीन फार्दिंग देतो आणि कोस्टर्ड त्या शब्दाचाच भाव तेवढा ठरवतो. प्रेक्षकांना हे समजावून सांगायची गरज पडत नव्हती.

१५८२ मध्ये टांकसाळीने अर्ध्या पेनीचं चांदीचं नाणं काढलं. त्यावर राणीचं चित्र नाही, फक्त किल्ल्याच्या दाराची जाळी. वजन पाव ग्रॅमच्या जरा वर. अर्धी पेनी आल्यावर पाऊण आणि दीड पेनीची गरज उरली नाही, आणि गुलाबाची ती दोन नाणी थांबली. पण फार्दिंगचा प्रश्न तसाच राहिला. दुकानदार शिशाची टोकनं द्यायला लागले, जी त्या दुकानाबाहेर चालत नसत.

जाळीचं ते चिन्ह शतकाच्या शेवटी समुद्रापार गेलं. ३१ डिसेंबर १६०० रोजी सनद मिळालेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या पहिल्या सफरीसाठी राणीने खास चांदीची नाणी पाडून दिली. त्यांची वजनं स्पॅनिश रियालशी जुळवलेली, एका बाजूला इंग्लंडची राजचिन्हं, दुसऱ्या बाजूला मुकुटाखाली जाळी. स्पेनच्या राजाचं नाणं पूर्वेच्या देशांत चालतं, मग आपलं का नको, हा त्यामागचा मानाचा मुद्दा होता. जेम्स लँकेस्टर फेब्रुवारी १६०१ मध्ये निघाला आणि सुमात्रातल्या आचेला, तिथून जावामधल्या बांतामला गेला. तिथल्या व्यापाऱ्यांना मात्र ओळखीचा रियालच हवा होता. नाणं चोख होतं, पण त्याची ओळख तिथल्या बाजारात कुणालाच नव्हती. कंपनीने पुढच्या सफरींसाठी पुन्हा रियालच गोळा केले.

एलिझाबेथ १६०३ मध्ये वारली. वेस्टमिन्स्टरमधल्या तिच्या थडग्यावर तिच्या कामगिरीची जी यादी कोरली आहे, त्यात धर्म आणि शांतता यांच्याबरोबर नाणं योग्य मोलावर आणल्याचाही उल्लेख आहे. तिची चांदीची नाणी पुढे जवळपास शतकभर, १६९६ च्या मोठ्या पुनर्नाणेकरणापर्यंत, इंग्लंडच्या बाजारात झिजत राहिली.

फार्दिंगला मात्र तांब्याचीच वाट धरावी लागली. १६१३ मध्ये पहिल्या जेम्सने तांब्याचे फार्दिंग पाडायचा मक्ता लॉर्ड हॅरिंग्टनला दिला, पण ती टोकनं लोकांनी मनापासून कधी स्वीकारली नाहीत. राजाच्या टांकसाळीतूनच, राजाच्या नावाने, तांब्याची अर्धी पेनी आणि फार्दिंग पडायला १६७२ साल उजाडलं. मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या हातात येऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. त्याच १६७२ मध्ये गव्हर्नर जेराल्ड आंजियरने मुंबईत कंपनीची टांकसाळ सुरू केली, आणि तिथल्या चांदीच्या नाण्यांबरोबर भाजी-मासळीच्या व्यवहारासाठी तांब्याची आणि कथलाची सुटी नाणीही पडू लागली.